कूलरच्या उत्तरावरची फुली
कूलरच्या ओल्या खसाचा वास आला की माझं डोकं आजही फिरतं. सातवीत सगळ्या विषयांना मिळून ‘पाणी’ हा एकच प्रकल्प होता, त्यात घरचं उदाहरण द्यायचं होतं. बाबा कूलर दुरुस्त करायचे, म्हणून मी लिहिलं की पाणी उडतं, म्हणजे त्याची वाफ होते, तेव्हाच कूलरची हवा गार होते, दमट दिवसांत होत नाही. “पुस्तकात कुठं आहे हे?” म्हणत बाईंनी लाल फुली मारली. आठवड्याने बाबाच वर्गातल्या कूलरच्या खसाच्या ताट्या बदलायला आले. “भाऊ, नव्या ताट्या लावून हवा गार काहून नाही येत?” बाईंनी विचारलं. “मॅडम, बाहेर दमट आहे. पाणी उडूनच नाही राहिलं.” बाईंनी मान डोलावली. मी वही उघडून समोर धरली, त्यांनी ती मिटून परत दिली. काल मुलीच्या शाळेतून तसाच प्रकल्प आला: घरचं उदाहरण लिहा. खाली नमुना उत्तर छापलंय.