कच्च्या साबणाची वडी

साबणवालीच्या उजव्या खांद्याने साथ सोडायला सुरुवात केली, तेव्हापासून तिच्या मनात दुसरा विषय नव्हता. साबण करायचा म्हणजे तेलात कॉस्टिक सोड्याचे पाणी सोडून ते मिश्रण दाट होईपर्यंत ढवळत राहायचे. हात थांबला की तेल वर आणि पाणी खाली. डॉक्टरांनी तिला हात वर करून दाखवायला सांगितला, तेव्हा तो कानापर्यंतही पोहोचला नाही. “ढवळणं सोडा, नाहीतर हाताची आशा सोडा,” एवढे बोलून त्यांनी पुढच्या रोग्याला आत बोलावले.

ढवळणे सोडायचे तर यंत्र हवे, आणि यंत्र परदेशी मदतीतून मिळणार होते. स्त्रियांच्या मालकीच्या छोट्या उद्योगांना हातभार लावणाऱ्या एका संस्थेने पहिल्या टप्प्यात तिला लोखंडी मांडण्या, साचे आणि एक फलक दिला होता. फलक दारापेक्षा रुंद निघाल्यामुळे तो खिडकीवर ठोकावा लागला आणि तेव्हापासून त्या खोलीत भर दुपारी दिवा जळू लागला. यंत्र दुसऱ्या टप्प्यात; पण त्याआधी संस्थेची पाहुणी येऊन प्रगती प्रत्यक्ष पाहणार होती. प्रगती ही मोजायची नव्हे तर पाहायची वस्तू आहे, असा या मंडळींचा समज कोणी करून दिला होता, ते कळायला मार्ग नाही.

पाहणी पुढच्या महिन्यात होती. ती अचानक याच आठवड्यावर आली. संस्थेच्या इथल्या समन्वयकाने, ज्याला सगळे साहेब म्हणत, फोन करून विचारले, “बाई, मांडण्या भरलेल्या आहेत ना?”

“रिकाम्या आहेत, साहेब. सगळा माल खपला.”

“खपला?” साहेबांचा आवाज चढला. “अहो, फोटोत खपलेला माल दिसतो का? रिकाम्या मांडण्या दाखवून यंत्र मागणार आहात? भरा त्या. कशानेही भरा.”

फोन ठेवून साबणवाली त्या मांडण्यांपुढे खाली बसली. माल खपावा म्हणून तिने दारोदार पायपीट केली होती, आणि खपला हाच आता गुन्हा ठरत होता. तिच्या धाकट्या जावेने पदर खोचला. “ताई, बसून काय होणार? लावू या कामाला.”

साबण ओतून भागत नाही. वड्या पाडल्या की त्या उघड्यावर मुरू द्याव्या लागतात. मुरल्या की नाही हे साबणवाली जिभेचे टोक लावून ओळखे. जिभेला चटका बसला तर वडी कच्ची. मुरायला आठवडे लागतात, आणि हाताशी होते मोजके दिवस. निदान वड्या लवकर घट्ट तरी व्हाव्यात म्हणून तिने या खेपेला सोड्याचा हात सैल सोडला. इतक्या वर्षांत जे केले नव्हते, ते तिने समजून उमजून केले.

“सोडा जरा जास्तच नाही ना पडला?” जावेने विचारले.

“धरायला हवा ना लवकर. पाहुणी काय अंघोळीला येतेय?”

जाऊ हसली. साबणवालीलाही हसू आले, पण ढवळणीचा दांडा फिरवताना खांद्यातून कळ निघाली आणि ते हसू ओठांवरच विरले. दोघींनी आलटून पालटून घाण्यामागून घाणा काढला, वड्या कापल्या आणि वड्यांवरचा ओलावा सुकायच्या आत त्या कागदात गुंडाळून मांडण्यांवर रचल्या. मांडण्या दुकानासारख्या दिसू लागल्या.

पाहणीच्या दिवशी तिच्या नवऱ्याला, जो एरवी तेलाचे डबे उचलत असे, सकाळीच त्याच्या बहिणीकडे पाठवण्यात आले. उद्योग स्त्रीच्या मालकीचा असल्याने तिथे पुरुष दिसू नये, अशी साहेबांची सूचना होती. “चाळीस डबे उचलले तेव्हा नाही कोणाला दिसलो,” असे पुटपुटत तो चपला घालून गेला.

पाहुणी उंच होती, वयाने साबणवालीएवढीच, आणि सावकाश चालणारी. तिला इथली भाषा येत नव्हती. बोलणे इकडून तिकडे करायला साहेब होते. तिने मांडण्या पाहिल्या, साचे पाहिले, फलकाचा फोटो घेतला. साबणवाली प्रत्येक प्रश्नाला मान हलवत होती आणि मनात एकच घोकत होती, आता निघा.

तेवढ्यात पाहुणीने एक वडी उचलली, कागद सोडला, वास घेतला आणि ती कोपऱ्यातल्या बादलीकडे वळली.

“हात धुऊन बघतायत,” साहेब खूश होऊन म्हणाले. “चांगलं लक्षण आहे.”

पाहुणीच्या बोटावर कातडे निघालेली एक ताजी जखम होती. सोडा त्यात शिरला तर काय होते, हे साबणवालीला स्वतःच्या हातांवरून ठाऊक होते. गप्प राहिले तर यंत्र येईल, कदाचित. एखादी चुरचुर सोसून बाई निघूनही जाईल. हा विचार तिच्या मनात आला, आणि तो आल्याचीच तिला भीती वाटली.

“साहेब, त्यांना सांगा, नका लावू. वडी कच्ची आहे.”

साहेबांनी तिच्याकडे पाहिले. मग पाहुणीकडे वळून ते तिच्या भाषेत काहीतरी गोड बोलले. पाहुणी हसली, तिने मान डोलावली आणि बाही वर सारली.

“तुम्ही काय सांगितलंत?”

“घरी न्यायला आणखी दोन घ्या म्हटलं. गप्प बसा ना, बाई. यंत्र हवंय की नकोय?”

पाहुणीने हात बादलीत बुडवले होते. साबणवाली पुढे झाली आणि तिच्या ओल्या हातातली वडी तिने काढून घेतली, हिसकावलीच म्हणायची. पाहुणी दचकली. आता बोलून उपयोग नव्हता, कारण बोलणे साहेबांच्या तोंडून जाणार होते. साबणवालीने वडी स्वतःच्या जिभेला लावली, टोकालाच नव्हे, चांगली दाबून. डोळ्यांतून पाणी आले. तिने लाल झालेली जीभ पाहुणीला दाखवली, मग तिच्या बोटावरच्या जखमेकडे बोट केले आणि मान आडवी हलवली.

पाहुणीने एकवार जखमेकडे पाहिले, मग मांडण्यांकडे. तिने एक हात खालपासून वरपर्यंत फिरवून भुवया उंचावल्या. हा प्रश्न समजायला साहेबांची गरज नव्हती.

साबणवालीने मान उभी हलवली. सगळ्याच.

जाऊ भिंतीला टेकून उभी होती. तिने डोळे मिटून घेतले. पाहुणी साहेबांशी बराच वेळ बोलली. या वेळी हसू नव्हते, आणि साहेब मध्येच थांबले की ती थांबून त्यांच्याकडे रोखून पाही. शेवटी साहेबांनी एकेक शब्द गिळत सांगितले, “यंत्राचं आत्ता काही ठरत नाही. त्या पुन्हा येतील. न सांगता. तेव्हा खरा माल असेल तो दाखवा, मांडण्या रिकाम्या असल्या तरी चालेल म्हणतात.” मग त्यांनी स्वतःच्या पदरचे जोडले, “त्या येतीलच, असं माझ्याकडून धरू नका.”

निघताना पाहुणीने साबणवालीचा हात हातात घेतला. काय म्हणाली, ते साहेबांनी सांगितले नाही.

गाडी गेल्यावर दोघी जावांनी कागद सोडायला घेतले. सोडा जास्त असलेला साबण कितीही मुरला तरी सुधारत नाही. तो किसून, नव्या तेलात घालून, मंद आचेवर पुन्हा विरघळवावा लागतो. आणि तो सगळा वेळ ढवळावा लागतो.

“डाव्या हाताने जमेल का गं?” साबणवालीने विचारले.

“आधी मी बसते,” जाऊ म्हणाली आणि तिने चूल पेटवली. बाहेर कुठल्याशा गाडीचा आवाज आला. किसणी हातात धरून दोघीही दाराकडे पाहत थांबल्या. गाडी पुढे निघून गेली.