आत्याचं अंगण आणि पाच देश

माझ्या पेणच्या आत्याचं अंगण आज जगातल्या पाच देशांत आहे. हे मी रोह्यात चहाच्या टपरीवर सांगितलं तेव्हा एक जण म्हणाला, "मास्तर, परवा तुम्ही कुंडलिकेतला मासा झाडावर चढताना बघितलात. आज अंगण विमानात बसलं. उद्या काय?" मासा चढला होता, पण तो विषय वेगळा. अंगणाची गोष्ट लिहूनच ठेवतो, म्हणजे तोंडी सांगताना ती दरवेळी मोठी होते हा आरोप तरी टळेल.

मी रोह्याच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं. ते बरोबर असायचं असं नाही, मोठ्या आवाजात असायचं. मी वर्गात कविता म्हणायला लागलो की निडी स्टेशनात उभी असलेली गाडी शिट्टी झाली समजून निघायची. निवृत्त झालो आणि त्याच सुमारास पेणला "शाश्वत शहर कक्ष" असं एक ऑफिस उघडलं. पाच देशांतली पाच लहान शहरं आणि सहावं पेण, अशी ही सोबत होती. शहर वाढलं तरी नदी, हवा आणि झाडं शिल्लक कशी ठेवायची हे एकमेकांचं बघून शिकायचं आणि शेवटी एका करारावर सगळ्यांनी सह्या करायच्या. पाहुणे यायचे होते, त्यांना दुभाषी हवा होता. कक्षाच्या साहेबांनी माझी दोन वाक्यं ऐकली, कानात करंगळी फिरवली आणि मला नेमून टाकलं.

पहिल्याच दिवशी मी भिंतीवरचा नकाशा बघितला. भोगावती नदीच्या काठानं एक हिरवी सायकलवाट फुटपट्टीनं मारल्यासारखी सरळ गेली होती. ती जिथून गेली होती तिथे माझ्या आत्याचं अंगण होतं.

आत्याचा गणपतीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड. आत बसून आठ-दहा बायका मूर्ती घासतात, रंगवतात. शेडमागे नदीकडे ते अंगण. जमीन सरकारी, पण आत्याच्या सासऱ्यापासून मूर्ती तिथेच सुकतात. ओल्या मूर्तीवर रंग बसत नाही आणि रंग बसला नाही तर तो गणपती कोणी नेत नाही. अंगण गेलं की कारखाना गेला, इतका साधा हिशोब.

मी आत्याला नकाशाचं सांगितलं. ती मूर्तीची सोंड घासत होती, घासतच राहिली.

"सायकली कोनाच्या?"

"लोकांच्या. शाश्वत विकास आहे आत्या."

"मंग मी काय अशाश्वत? या वयात डोलवीला कंपनीच्या गेटवर कंत्राटी कामाला उभी राहू? आन तू रे, त्यांच्या पंगतीत बसलास, तुला जीभ नाय?"

जीभ होती, पण ती भाड्यानं दिलेली होती. साहेबांना मी दोनदा विचारलं, वाट जरा वळवता येईल का? साहेब म्हणाले, "मास्तर, सरळ रेषा आंतरराष्ट्रीय असते."

मग साहेबांना पाहुण्यांसाठी उद्याच्या पेणची छोटी प्रतिकृती करून घ्यायची हुक्की आली. पाटाएवढी, प्लास्टरची, रंगवलेली. मुंबईच्या कलाकाराला सवड नव्हती. शेजारच्या हमरापूर या मूर्तिकारांच्या गावात सगळ्यांचे हात मोठ्या मूर्तींत अडकलेले. शेवटी ते काम आलं ऑफिसपासून सगळ्यात जवळच्या कारखान्यात, म्हणजे आत्याकडे. ज्या कोंबडीचं कालवण करायचं तिलाच मसाला वाटायला बसवावं, तसा हा प्रकार.

साहेबांनी नकाशाची गुंडाळी पाठवली. आत्यानं ती पत्र्याच्या गळक्या जागेखाली अडकवली आणि स्वतः गावात फिरून आली. नदीचं वळण, पूल, बाजार, तलाव, देवळं, मशीद, चिंचेची झाडं, सगळं डोळ्यांत भरून आणलं आणि शाडूत उतरवलं. मी म्हटलं, "आत्या, नकाशा बघायचा होता." ती म्हणाली, "गाव समोर असताना कागद कशाला बघू?"

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी साहेब माल बघायला आले. मीही होतो. प्रतिकृती अशी झाली होती की बाजारातली गर्दी ऐकू यावी. पण साहेबांचं बोट नदीकाठावर जाऊन थांबलं. तिथे सायकलवाट नव्हती. आत्याचं अंगण होतं, अंगणात फळ्या होत्या आणि फळ्यांवर तांदळाच्या दाण्याएवढे गणपती ओळीनं वाळत बसले होते. दाण्याएवढे म्हणजे दाण्याएवढेच, आणि प्रत्येकाला सोंड.

"आजी, हे काढा. इथे हिरवा पट्टा हवा."

"काढते की," आत्या म्हणाली. "पन किती काढू? चाळीस हायत."

तिनं मागचा पडदा सरकवला. फळ्यांवर चाळीस पेण मांडून ठेवली होती. चाळीस भोगावत्या, चाळीस पूल, चाळीस अंगणं. साहेब पहिल्या फळीपासून शेवटच्या फळीपर्यंत मोजत गेले.

"मी एक सांगितली होती!"

"साहेब, पेनला एक कोन बनवतो? एक झाली की साचा काढायचा, साचा काढला की ओतायचं. आमच्या हातांना दुसरं येतच नाय." रंगवायला बसलेल्या बायका खाली मान घालून हसत होत्या. त्यातली एक बोलली, "गो आत्या, एक बनवली असती तर साचा रडला असता."

ही चूक होती हे आत्या आजही शपथेवर सांगते. माझा तिच्यावर पूर्ण विश्वास आहे. फक्त ती शपथ घेताना माझ्याकडे बघत नाही.

साहेबांनी एक प्रतिकृती घेतली आणि खिशातल्या पट्टीनं अंगण खरवडायला लागले. अंगण हललं नाही, शेजारचा पूल मात्र निखळला. दुसऱ्या प्रतिकृतीत तलाव फुटला. तिसरीकडे हात जाताच आत्या म्हणाली, "साहेब, आख्खं पेन बुडवाल." त्यांनी पट्टी खिशात घातली आणि स्वतःलाच सांगितलं, "पाहुण्यांच्या लक्षात नाही येणार."

पाहुणे खुर्चीत बसायच्या आधी त्यांच्या लक्षात आलं. पाच जण होते; प्रतिकृती घेऊन आत्याही ऑफिसात आली होती. त्यांची प्रमुख एक उंच, पिकल्या केसांची बाई होती. पोह्याचा पापड मोडता मोडता ती प्रतिकृतीवर वाकली आणि तिनं नेमकं अंगणावर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

"तात्पुरतं," साहेब घाईनं म्हणाले.

बाईनं आत्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी आत्याला विचारलं. आत्या म्हणाली, "ऊन हाय. मूर्ती सुकवतो. दुसरं काय?"

या सहा शब्दांचं मी इंग्रजी केलं. ते पाऊण तास चाललं असं साहेब म्हणतात. पाच मिनिटं असतील. मी सांगितलं की हे या शहरातलं सर्वांत जुनं सौरऊर्जा केंद्र आहे. वायर नाही, यंत्र नाही, धूर नाही. दोन पिढ्यांत एकदाही बिघडलं नाही, पावसाळ्यात तेवढं देखभालीसाठी बंद असतं. मी खोटं काय बोललो ते दाखवा. पाचही जण उभे राहिले आणि म्हणाले, आम्हाला ते बघायचं आहे.

वैशाखातली दुपार. अंगणात फळ्यांवर दोनेकशे कच्च्या मूर्ती. पाहुणे टोप्या घालून कौतुक करत होते, साहेब घाम पुसत होते, तेवढ्यात खाडीच्या बाजूनं एक काळा ढग आला. अवकाळीचा. पहिला थेंब आत्याच्या कपाळावर पडला आणि ती जी ओरडली, माझ्या साऱ्या कविता त्यापुढे कुजबुज.

"उचला!"

याचं भाषांतर मी केलं नाही. लागलंच नाही. बायकांनी मूर्ती उचलल्या आणि शेडपर्यंत रांग लावली. रांग अपुरी पडली तशी आत्यानं पाहुण्यांना एकेक करून मध्ये उभं केलं. एक जण म्हणाला, आधी ठरवू या की कोणी कुठे उभं राहायचं. आत्यानं त्याच्या हातात दोन फुटी गणपती दिला, त्याचं ठरलं. उंच बाईला ती शिकवत होती, "गो बाय, कमरेला धर. कानाला नाय, कान तुटंल!" आणि बाई कमरेला धरत होती. साहेबसुद्धा रांगेत होते. पाच देश आणि रायगड जिल्हा हातातून हातात गणपती देत होते. आंतरराष्ट्रीय सहकार्यावर मी पुढे बरीच भाषणं भाषांतरित केली, पण प्रत्यक्ष ते मी त्या दिवशीच बघितलं. आत्याची एकही मूर्ती भिजली नाही.

संध्याकाळी करारावर सह्या झाल्या. पाहुण्यांना आठवण म्हणून एकेक प्रतिकृती दिली, दोन मोडूनही अडतीस होत्याच. उंच बाईनं सुचवलं की करारासोबतच्या प्रतिकृतीच्या तळावरही सगळ्यांनी सही करावी. आत्याच्याच कुंचल्यानं सह्या झाल्या. साहेबांची सगळ्यात खाली आहे.

दोनेक महिन्यांनी उंच बाईचं पत्र आलं. आमच्या ऑफिसात ठेवलेल्या पेणमध्ये अंगण आहे, तुमच्या नकाशात तिथे सरळ सायकलवाट आहे, तर खरं काय धरायचं? साहेब दिवसभर सही केलेली प्रतिकृती उलटीसुलटी करून बघत होते. शेवटी त्यांनी रबर घेतलं आणि नकाशावरची सरळ रेषा पुसली.

आता सायकलवाट झाली आहे. कारखान्याशी आली की ती शेडला मानानं वळसा घालते आणि पुन्हा नदीला लागते. सिमेंट गुळगुळीत, तिन्ही बाजूंनी ऊन, दुपारी चिटपाखरू नाही. पहिल्याच आठवड्यात आत्यानं त्यावर फळ्या टाकल्या. साहेब धावत आले तर म्हणाली, "सायकलवाले यायच्या येळंला उचलते की. तवर ऊन वाया घालवायचं?"

गेल्या महिन्यात परदेशातून विचारणा आली, वाटेचा नागरिक कितपत उपयोग करतात? साहेबांनी मला उत्तर लिहायला बसवलं. मी मोठ्या अक्षरात लिहिलं की पेणच्या भर उन्हातसुद्धा ही वाट एकही दिवस रिकामी नसते. साहेबांनी ते दोनदा वाचलं, खिडकीतून आत्याच्या कारखान्याकडे बघितलं आणि सही केली.