शेवटच्या पानावरचं तूप

दुपारचं जेवण अंगावर आलंय. टेबलावरचा सर्किट बोर्ड आपोआप बंद होतोय, चालू होतोय, पुन्हा बंद होतोय, आणि दर वेळी पडद्यावर तीच अक्षरं वर सरकताहेत. मंजुषा तोडकर हातावर डोकं टेकते. समोर खिडकीजवळच्या खिळ्याला मगदूम सरांचा निळा पट्टा लटकतोय. अंगातली वीज बोर्डाला लागू नये म्हणून काम करताना मनगटाला बांधतात तो. सर गेल्यापासून त्याला कुणी हात लावलेला नाही. मंजुषाला झोपायचं नाहीये, नुसते डोळे मिटायचेत. उघडे ठेवले की सकाळची मीटिंग दिसते.

त्या मीटिंगचं आधी सांगायला हवं. इथे अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या बनतात. पेटीचं बटण दाबलं की आतला कर्नल, म्हणजे मूळ प्रोग्रॅम, जागा होतो, घरातला कारभारीच म्हणा ना, आणि मग तो एकेका ड्रायव्हरला, म्हणजे हाताखालच्या छोट्या प्रोग्रॅमला, उठवतो. कुणी पंखा सांभाळतो, कुणी हीटर, कुणी तापमानाचा सेन्सर. वीज जाऊन आली की पेटी चटकन सुरू व्हावी, म्हणून उन्हाळ्यात मंजुषाने कर्नलच्या सेटिंगमध्ये बदल केला. एकामागून एक कशाला, सगळ्यांना एकदमच उठवायचं. झालं, तेव्हापासून एखादी पेटी सुरू होता होताच अडकून बसते. सेन्सरचा ड्रायव्हर ज्या वाटेने तापमान विचारणार, ती वाट सांभाळणाराच कधीकधी उठलेला नसतो.

हे मंजुषाला कळलं तेव्हा तिने काय करावं? तर सेन्सरच्या ड्रायव्हरला अर्धा सेकंद थांबायला लावलं, आपल्या बदलाचं नाव काढलं नाही, आणि सकाळी भर मीटिंगमध्ये म्हणाली, "जुना दोष आहे. मगदूम सरांच्या कोडमधला. मी निस्तरलाय." भूपाल मगदूम जाऊन वर्ष होत आलं. त्यांना कोण विचारायला जाणार? सगळ्यांनी माना डोलावल्या. टोकाच्या खुर्चीवरच्या सन्मतीने तेवढी मान खाली घातली. सन्मती म्हणजे सरांची मुलगी, नुकतीच इथे नोकरीला लागलीय.

मंजुषाला आपलीच किळस येते. ती डोळे घट्ट मिटते.

"पान मांडलंय. बस की," कुणीतरी म्हणतं.

ती बसलेलीच आहे, पाटावर. टेबल नाही, बोर्ड नाही. हे इचलकरंजीचं कार्यालय आहे, सरांच्या पुतण्याच्या लग्नाला ती आली होती तेच, आणि पंगत इतकी लांब की टोक दिसत नाही. मीठ, चटणी, कोशिंबीर वाढून झालीय. भाताची मूद आहे, तिच्यावर वरण आहे. समोर मगदूम सर उभे आहेत, बाह्या दुमडलेल्या, हातात तुपाचं भांडं.

"सर, तुम्ही तर..."

"गेलोय. ते मला कशाला सांगतेस? आणि भाताला हात लावू नकोस."

तिचा हात पानात गेलेलाच आहे. सर वाकतात आणि तिचं मनगट धरतात.

"तूप यायचंय अजून."

"मी थांबले होते, सर."

"किती?"

"अर्धा सेकंद."

सर हसतात, पण हात सोडत नाहीत. "पंगतीत असं मोजून कोण थांबतं गं? वाढपी झपाझप आला तर निभावलं तुझं. आणि वाटेत कुणी पाहुणा गप्पा मारत बसला त्याच्याशी, म्हणजे?"

मंजुषा रांगेकडे बघते. केळीची पानं आता बोर्डासारखी बारीक रेघांची झालीत. भिंतींना दवाखान्याचा हिरवा रंग आहे, फिनेलचा वास येतोय. पंगत त्या बोळातून पार टोकाला जाते आणि तिथे शेवटच्या पानामागे पाट नाही, पेटी आहे. पेटीत एक बाळ पाय हलवतंय. पेटीचा दिवा लागलेला नाही.

"तिथवर तूप पोचलं की वाढपी हात वर करील," सर म्हणतात. "मग यजमान म्हणतील, होऊ द्या सावकाश. तोवर घड्याळाकडं नाही बघायचं. वाढप्याकडं बघायचं."

"पण सर, वाट सांभाळणारा उठलाय का, ही तपासणी तुमच्या ड्रायव्हरमध्येही नव्हतीच." हे ती स्वप्नातसुद्धा म्हणते, आणि म्हणता म्हणता तिला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

"नव्हती. माझ्या वेळी रांग होती, गरज पडली नाही. रांग कुणी मोडली?"

ती पानातल्या मिठाकडे बघते.

"मला आता कुणी काहीही म्हणू दे, काय फरक पडतोय. पण पोर तिथंच बसली होती की गं." सरांचा आवाज उतरतो. "आज डबा तरी उघडला का तिनं?"

मंजुषाला ते ठाऊक नाही. सन्मती दिसू नये म्हणून ती आज भिंतीकडे तोंड करून जेवली होती.

"तोंड दाखवायला जागा नाही ठेवली मी, सर."

"मग मला कशाला दाखवतेस?"

ती हात सोडवायला बघते. सरांची पकड आणखी घट्ट होते. टोकाला पेटीतलं बाळ रडतंय, पण आवाज येत नाही, आणि वाढपी अजून निम्म्यावरच आहे.

मंजुषा डोळे उघडते.

पडदा गप्प आहे. अक्षरं सेन्सरच्या ओळीवर येऊन अडकलीत, अर्धा सेकंद थांबूनही. खिळा रिकामा आहे. निळा पट्टा तिच्या डाव्या मनगटावर आहे, इतका आवळलेला की बोटं बधिर झालीत.

"मॅडम, चहा." दारात सन्मती. तिची नजर पट्ट्यावर जाते. "हा अण्णांचा ना?"

"तू बांधलास?"

"मी आत्ता येतेय."

मंजुषा पट्टा काढते. मनगटाभोवती लाल वळ उमटलाय. तो बाहीखाली लपवावासा वाटतो तिला, पण ती लपवत नाही.

"सन्मती, सकाळी मी खोटं बोलले. पेट्या माझ्या बदलामुळे अडकतायत. अण्णांची रांग बरोबर होती, मी ती मोडली आणि नाव त्यांचं घेतलं. हे मला सगळ्यांसमोर सांगायचंय, आत्ताच. तू असशील तर बरं होईल."

सन्मती कप टेबलावर ठेवते, पट्टा उचलते आणि त्याची कड अंगठ्याने चाचपत उभी राहते. तिचे डोळे भरलेत.

मंजुषा दारापर्यंत जाते आणि वळून थांबते. भिंतीवर घड्याळ आहे. तिकडे न बघता ती सन्मतीकडे बघते.