जायफळाचा रकाना

"फेल म्हणजे फेल," असं म्हणून ते चष्मा कपाळावर सरकवायचे. चष्मा वर गेला की जपानातल्या आमच्या कावासाकीच्या ऑफिसात भलेभले आपला कोड पुन्हा उघडायचे. सॉफ्टवेअर तपासणं हे त्यांचं काम. एकदा ऐन रिलीजच्या दिवशी एका बारीकशा चुकीसाठी त्यांनी सगळं थांबवलं होतं. असा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. आमचा तर माझ्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर राहायचा.

आणि हा माणूस घरी बिअर करायचा! काळी, गोड, कॉफीची स्टाउट. जपानात घरी करायची तर दारूचं प्रमाण एक टक्क्याच्या आत हवं. टक्का गाठला की गुन्हा. त्यात त्यांच्या कुटुंबाचा इथल्या कायम वास्तव्याचा अर्ज गेलेला. काही वेडंवाकडं झालं असतं तर लेकीची शाळा, घर, सगळंच गुंडाळावं लागलं असतं.

"मग कशाला हा उद्योग?" मी विचारलं.

"अहो, गोडच करायचीय ना? कमी आंबली की गोडवा राहतो. वर दुधाची साखर, ती यीस्टला पचत नाही."

वहीत रकाने आखलेले होते. भाजलेले सातू इतके ग्रॅम, ओट्स इतके, गार पाण्यात मुरवलेली कॉफी इतकी. जायफळापुढे मात्र नुसतं 'हिला विचारून'. जायफळाशिवाय कॉफी म्हणजे त्यांच्या लेखी काढा.

अकरा खेपा फेल गेल्या. बाराव्या खेपेला, ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी फोन आला. "एसी बंद पडलाय. बर्फ घेऊन या, पळत!"

कोपऱ्यावरच्या कोंबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, चार पिशव्या उचलून मी वर धावलो. दारूचं प्रमाण सकाळी ०.७ टक्के होतं, आता ०.९. उकाड्यात यीस्ट सुसाट सुटलं होतं. आम्ही डबा बर्फात बसवला. वहिनींनी वाटीभर काढून त्यात कॉफी ओतली आणि जायफळ किसायला घेतलं. "पुरे," ते म्हणाले. वहिनींनी चाखलं आणि चटकन त्यांच्याकडे पाहिलं.

"अहो, हीच चव!"

त्यांनी वाटीला हात लावला नाही. डब्यातलं पुन्हा नळीत घेऊन मोजलं. मीही वाकलो. बरोबर एक.

"एवढ्याशाने काय होतंय? कोणाला कळणार?" मी म्हणालो.

चष्मा कपाळावर गेला. "फेल म्हणजे फेल."

वाटीसकट सगळं त्यांनी सिंकमध्ये ओतलं. लेक दारातून म्हणाली, "बाबा, दाइजोबू?" "हो गं, ठीक आहे," म्हणाले, पण वळून पाहिलं नाही. मला त्यांचा भयंकर राग आला होता.

शरदात तिघांचा अर्ज मंजूर झाला. तेरावी खेप थंडीत लावू म्हणाले, आणि त्याच थंडीत ते हृदयविकाराने गेले. वहिनी आणि लेक इथेच आहेत. शाळा तीच, घर तेच.

गेल्या महिन्यात वहिनींनी ती वही माझ्या हातात ठेवली. मी सगळं सामान आणलं आणि त्या एका रकान्याशी अडलो. शेवटी वर जाऊन विचारलं, "वहिनी, जायफळ किती?"

"मी कधी मोजलंय? ते समोर उभे असायचे. पुरे म्हणाले की हात थांबायचा."