पोतं

काही माणसांना काही शब्द सोसत नाहीत. माझ्या जावेसमोर कोणी 'टेन्शन' म्हटलं की तिचं डोकं सटकते. माझं तसंच 'आराम'चं आहे. कोणी 'आराम करा' म्हटलं की तळपायाची आग मस्तकात जाते. शब्दात वाईट काही नाही, हे मलेही समजते. समजून काय उपयोग? आग जायची ते जातेच.

मी घाटंजीच्या आठवडी बाजारात मिरची, हळद, धने विकत होती. नवरा गेला तेव्हा पोरगा बालवाडीत होता. तेव्हापासून कडुनिंबाखालची एक जागा माझी. त्या जागेचा कागद-बिगद काही नाही. बाजाराची रीत अशी, की जो बसते त्याची जागा. एखाद्या बाजाराले जाणं झालं नाही तं आपलं पोतं तिथं अंथरून ठेवायचं, कोपऱ्यांवर गोटे ठेवायचे. पोतं दिसलं की कोणी बसत नाही. पोतं नसलं तं जागा मोकळी समजायची, मग जो बसला तो बसला. त्यावर भांडण करायचं नाही.

मागच्या पावसाळ्यात मले टायफॉइड झाला. पोरगा यवतमाळले नोकरीवर आहे, तो मले त्याच्या घरी घेऊन गेला. निघताना मी माझं पोतं शेजारी कुलपं विकणाऱ्या चाचांजवळ दिलं. ते म्हणाले, "भाभी, फिकर मत करो. दर बाजारले टाकून ठेवतो." मी बिनघोर झाली.

यवतमाळात मंग 'आराम' सुरू झाला. डॉक्टर म्हणे आराम करा. ते ठीक, त्याचं कामच आहे. पण ताप उतरला, जेवण जाऊ लागलं, तरी संपेचना. भाजी निवडाले घेतली की सून ताट ओढून घे, "आई, तुम्ही आराम करा." झाडू घेतला, तोही हातातून गेला. शेजारीण फाटकातूनच विचारे, "काय काकू, आराम चालू आहे न?" जसा काही मी गुन्हा केला अन् त्याची शिक्षा भोगून राह्यली. मले पुन्हा माझ्या जागेवर जाऊन बसायचं होतं, बस, दुसरं काही मागत नव्हती मी. पोराले म्हटलं की तो मोबाईलमधून मान वर न करता म्हणे, "पहिले आराम तं कर."

एक दिवस गच्चीवर गेली. दोरीवर पोराचे ऑफिसचे शर्ट वाळत होते अन् त्यांच्या मधात माझं पोतं. धुतलेलं. कोपऱ्यात मी लाल दोऱ्यानं लावलेलं ठिगळ होतं, नाही तं ओळखलंही नसतं, एवढं चकाचक झालतं.

खाली येऊन पोराले विचारलं, पोतं इथं कसं?

"काल घाटंजीले गेलतो न कामानं. बाजार भरला होता. आणलं उचलून. किती घाण झालतं. आता तुले कायले लागते ते?"

"जागा गेली ना रे माझी."

"जाऊ दे न. ऑफिसात लोक विचारतात, तुमची आई अजून बाजारात बसते काय म्हणून. लई केलं तू. आता आराम कर."

त्याले रीत माहीत नव्हती असं मी स्वतःले सांगून पाह्यलं. जमलं नाही. याच पोत्यावर झोपून तो लहानाचा मोठा झाला. मी आजारी पडली की हाच सायकलनं जाऊन त्यावर गोटे ठेवून ये. पक्कं माहीत होतं त्याले. त्यानं मले मारलं असतं तं बरं झालं असतं, भांडता तं आलं असतं. धुऊन वाळत घातल्यावर कायचं भांडण?

पुढच्या बाजारी कोणाले न सांगता एसटीत बसली अन् घाटंजीले गेली. चाचा मले पाहून उठूनच उभे राह्यले. "भाभी, बेटा खुद आया था. मुझे लगा, आपने भेजा." त्यांचा काय दोष?

निंबाखाली एक तरणी बाई मिरची-मसाल्याची पाकिटं मांडून बसली होती. तिचाही दोष नाही, जागा मोकळीच होती. मी कोण, हे तिले माहीत असावं, कारण ती कावरीबावरी झाली. पाकिटं सरकवून तिनं मले स्टूल दिला.

"बसा न काकू. दमल्या असान. जरा आराम करा."

मी बसली. तेवढ्यात माझं एक जुनं गिऱ्हाईक आलं, दर उन्हाळ्यात वर्षाची मिरची माझ्याकडूनच नेणारी बाई. मले पाहून खुश झाली अन् विचारलं, "कशी दिली मिरची?"

मी त्या पोरीकडे बोट दाखवलं.