सहावी ओळ

दारात आले की मामा आधी चपला काढायचे, उलट्या करून उंबऱ्यावर तीनदा आपटायचे आणि मगच आत यायचे. शिरूरच्या डांबरी रस्त्यावरून आलेल्या स्लिपरांत कसली आलीय वाळू! पण पलटणीतून रिटायर होऊन वीसेक वर्षं झाली तरी ती सवय काही सुटली नव्हती.

तेव्हा माझा केबलचा धंदा होता. एसटी स्टँडमागं एक खोली, दोन व्हीसीआर. मामा मार्केट यार्डात वॉचमन. दर रविवारी दुपारी त्यांची एकच फर्माईश, "ऑपरेटर, वाळूचा पिच्चर लावा." वाळवंटातल्या लढाईचा जुना इंग्रजी सिनेमा होता तो, चांगला साडेतीन तासांचा. गिऱ्हाइकं फोनवर माझा उद्धार करायची. तरी लावायचो. म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, तुम्हीच सांगा.

मामांना इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं. पण परीक्षण असं करायचे की पेपरवाल्यांनी शिकावं. "वाळू बरुबर हाय. उजेडबी बरुबर. लढाईच्या आदी कसं गप्प केलंय बघा, तसंच आसतं." लढाई सुरू झाली की मात्र वैतागायचे. "आता ह्यो ब्यांड कुठनं आला? आन् मेलेली मानसं किती नीट झोपल्यात! तहान तर कुनालाच न्हाई." मध्यंतरानंतर साहेबलोकांची भाषणं लागली की खुशाल घोरायचे. दुसऱ्या भागात खरोखरच दम नव्हता, हे माझंही मत आहे.

एका जागी मात्र ते मला चित्र थांबवायला लावायचे. पाच शिपाई टेकाड चढून जातात आणि मागं वाळूत त्यांच्या पावलांच्या ओळी दिसतात. मामा टीव्हीच्या काचेवर बोट टेकवून मोजायचे. माणसं पाच, ओळी सहा. मीही मोजल्या. सहाच.

"शूटिंगवाल्यांपैकी कोणीतरी चाललं असेल मामा. चूक आहे ती."

"चूक न्हाई. आख्ख्या पिच्चरमधी तेवढंच खरं हाय."

एकदा चहा पिताना त्यांनी सगळं सांगितलं. राजस्थानच्या सीमेवर लढाईत त्यांच्या जोडीदाराच्या पायाला गोळी लागली होती. त्याला टेकाडाआड बसवून मामा पाणी आणायला गेले. "हलू नगं, पानी घिऊन आलोच, आसं म्हनलं त्याला." तेवढ्यात वारा सुटला आणि मामांची पावलं पुसली गेली. परतीची वाटच सापडेना. दोन दिवस शोधलं, पण तो जिवंतही मिळाला नाही आणि मेलेलाही नाही.

"तवापास्नं त्यो चालतोच हाय," काचेकडं बघत मामा म्हणाले. "त्याला पानी मिळालं का न्हाई, येवढंच कळाय पायजे."

मी "काहीतरीच काय मामा!" म्हणून खेकसलो आणि थांबवलेला सिनेमा पुढं चालू केला. आज त्याची लाज वाटते.

पुढच्या उन्हाळ्यात मामा गेले. भेटायला गेलो तर मामी ओसरीत बसल्या होत्या. पुढ्यात दोन तांबे.

"सकाळी उठले आन् दोन तांबे पानी मागितलं. म्हनलं, दोन कशाला? तर म्हनले, दोघं हाय न्हवं का आमी. दोनी भरून दिले आन् मी चहा टाकाया आत गेले. आले तर ह्ये गेलेले." मामींनी तांबे माझ्याकडं सरकवले. "दोनी रिकामे. जमिनीवर थेंब न्हाई सांडलेला. जल्मात कवा येका येळी दोन तांबे प्याले न्हाईत ओ त्ये."

त्या रविवारी दुपारी फर्माईश करायला कुणी नव्हतं. तरी मी तीच कॅसेट घातली. टेकाड आलं तसं चित्र थांबवलं आणि काचेवर बोट टेकवून मोजलं. माणसं पाच. ओळी पाच. मागं घेऊन पुन्हा मोजलं. पाचच.

कॅसेट घासली असेल, असं तुम्ही म्हणाल. मीही आधी तेच म्हणालो. मग खोलीत कुणी नसताना टीव्हीसमोरच्या मामांच्या नेहमीच्या जागेकडं वळलो आणि मोठ्यानं सांगितलं, "मिळालं त्याला पाणी, मामा."