नीलमचं शांत बाळ

जुन्नरच्या शाळेत आमच्या वर्गात नीलमइतकं बडबडं कुणी नव्हतं. बाई फळ्याकडे वळल्या की हिची टकळी सुरू. बाकावर तिच्या एका बाजूला मी, राखी, आणि दुसऱ्या बाजूला जया. नीलम आणि मी बाजारपेठेतल्या जैनांच्या मुली, आमची घरं समोरासमोर. जया पश्चिमेच्या डोंगरातली. तिच्या वाडीत चौथीपुढं शाळा नव्हती, म्हणून तिची आई कोंडाबाई तिला जुन्नरच्या वसतिगृहात ठेवून गेली होती. पहिले दोन महिने जया कुणाशी बोलली नाही. तिला बोलतं केलं ते नीलमनं, रोज आपला डबा तिच्यापुढं सरकवून.

पुढं लग्नं झाली. मी नारायणगावात आले. नीलम कळंबला, पुणे-नाशिक रस्त्याला लागून असलेल्या दलीचंद शेटजींच्या कापड दुकानाच्या घरात पडली. तिचा नवरा पारस भला माणूस, पण वडिलांपुढं तोंड न उघडणारा. जया नर्सबाई झाली आणि घोडेगावच्या पलीकडे, धरणाच्या वरच्या अंगाला, सरकारी उपकेंद्रात नेमणुकीवर गेली. तिचं लग्न आमच्या आधी झालं होतं, पण मूल नव्हतं.

अरिहंत झाला डिसेंबर पंच्याण्णवमध्ये. गोरा, गुटगुटीत आणि अगदी शांत. दुकानात कापडाचे गठ्ठे आपटत, समोरून ट्रक धडधडत जात, तरी हा आपला पाळण्यात गाढ झोपलेला. नीलमच्या सासूबाई, प्यारीबाई, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "असं पोर नशिबानं मिळतं."

पुढच्या वर्षी, शहाण्णवच्या राखीपौर्णिमेला, आम्ही तिघी एकदम जुन्नरला भेटलो. नीलम म्हणाली, "चला, लेण्याद्रीला जाऊ. शाळेत असताना जायचो तसं." माझी खुशबू सहा महिन्यांची, अरिहंत आठ-नऊ महिन्यांचा. दोन पोरं घेऊन त्या पायऱ्या चढायच्या म्हणजे कसरत होती. अर्ध्यात नीलमला धाप लागली, तेव्हा जयानं अरिहंतला खांद्यावर घेतलं. एका माकडानं माझी बिस्किटांची पिशवी पळवली. किती वर्षांनी आम्ही तशा हसलो.

वर गणपतीपुढं अवसरीकडचं एक कुटुंब आमच्या पुढं होतं. त्यांच्यातल्या एका धिप्पाड माणसानं घंटेला असा टोला दिला की त्या कोरलेल्या लेण्यात आवाज कोंडला आणि घुमत राहिला. खुशबू दचकली आणि किंचाळून रडायला लागली. अरिहंत जागा होता. जयाच्या मंगळसूत्राशी खेळत होता. त्यानं मान वर केली नाही. माणसानं पुन्हा टोला दिला, तिसऱ्यांदा दिला. अरिहंतच्या पापण्यासुद्धा हलल्या नाहीत.

"बघितलंस? माझा किती धीट आहे!" नीलम म्हणाली.

मी बघितलं होतं. जयानंही. आमची नजरानजर झाली आणि मी खुशबूला थोपटायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

उतरताना एका वळणावर आम्ही बसलो. जयानं पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि अरिहंतच्या कानामागं खुळखुळवला. आधी डावीकडे, मग उजवीकडे. तो समोरच्या माकडांकडे बघत राहिला.

"काय चाललंय गं तुझं?" नीलमनं विचारलं.

"रागावू नको नीलम. ह्याला ऐकू येतं का, ते एकदा तपासून घेऊ या. पुण्याला मशीनवर तपासतात. लवकर कळलं तर लई फरक पडतो."

नीलम आधी हसली. "अगं, मी खोलीत आले की हसतो तो!"

"तुला बघून हसतो. पाठमोरा असताना कधी हाक मारून बघितलीस?"

नीलमनं मुलाला जयाच्या मांडीवरून ओढून घेतलं. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. म्हणाली, "तुला मूल नाही ना, म्हणून दुसऱ्याच्या मुलात खोट दिसते."

किल्ल्या पर्समध्ये टाकून जयानं चेन लावली, तेवढाच आवाज झाला.

मग नीलम माझ्याकडे वळली. "राखी, तू आई आहेस. तूच सांग. तुला काही वाटतं?"

"मला काही नाही वाटत," मी म्हणाले.

हे वाक्य मी आजवर गिळते आहे. मला वाटलं होतं, आत्ता वेळ साजरी करावी, नंतर कधीतरी सावकाश बोलावं. ते नंतर आलंच नाही. जया खाली उतरून सरळ बस स्टँडवर गेली. त्यानंतर दोघींचं बोलणं बंद झालं.

कळंबला परत गेल्यावर नीलमचं काय झालं, ते तिनं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. पहिल्याच दिवशी घरात कुणी नसताना तिनं अरिहंतच्या पाठीमागं स्टीलचं ताट फरशीवर टाकलं. त्यानं वळून पाहिलं. ती तिथंच बसून आनंदानं रडली. दुसऱ्या दिवशी त्याला गादीवर बसवून ताट टाकलं, तेव्हा त्यानं पाहिलं नाही. फरशीचा हादरा त्याला बसण्यातून कळला होता. मग तिला त्याचा नादच लागला. डबे, टाळ्या, कुकरची शिट्टी, दाराची कडी. दिवसातून वीस-वीस वेळा. एखाद्या वेळी तो योगायोगानं मान वळवायचा, की तो दिवस गोड जायचा. त्याला हा खेळ वाटे. आई मागं जाऊन काहीतरी करते आणि मग पुढं येऊन त्याच्या तोंडाकडे टक लावून बघते, म्हणून तो खदखदून हसे.

दीड वर्षाचा झाला तरी "मम्मी" नाही, "पप्पा" नाही. प्यारीबाई म्हणायच्या, "पारससुद्धा तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. मुलगे उशिराच बोलतात." त्या रोज वेखंड उगाळून मधातून त्याच्या जिभेला लावत. जीभ जड आहे, हलकी होईल. एका डॉक्टरांनी नीलमचं ऐकून घेतलं, कानात बॅटरी मारली आणि तीन वर्षांपर्यंत थांबा म्हणाले. शेटजींनी एकदाच विषय काढला, तोही दुकानाकडे तोंड करून. "पुण्या-बिण्याला नेऊन बभ्रा करायचा नाही. घरात लग्नाची मुलगी आहे." नीलमची नणंद तेव्हा एकोणीस वर्षांची होती. नीलमनं पारसकडे पाहिलं. पारस सुपारी कातरत राहिला.

एवढी बोलकी बाई, पण घरात बोलेनाशी झाली. अरिहंतशी मात्र सारखी बोलायची. त्याला न्हाऊ घालताना, भरवताना, त्याचे केस विंचरताना. कधीतरी एखादा शब्द आत झिरपेल म्हणून. मी फोन केला की म्हणायची, "छान आहे. खूप शांत आहे." मीही विचारत नव्हते. खुशबू तेव्हा दिवसभर कविता म्हणायची. ती फोनजवळ आली की मी तिच्या तोंडावर हात ठेवायचे.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात एका दुपारी नीलम गच्चीवर पापड वाळत घालत होती. प्यारीबाईंचा डोळा लागला होता. अरिहंत जिन्यावरून उतरला, दुकानातून बाहेर पडला आणि रस्त्यावर गेला. एक लाल फुगा वाऱ्यानं पलीकडे चालला होता, त्याच्यामागं. गच्चीवरून नीलमला तो दिसला, आणि नाशिककडून येणारा ट्रकही दिसला.

ती ओरडली. "अरिहंत! अरिहंत, मागं फीर!" सगळ्या बाजूंनी लोकांनी वर पाहिलं. पानवाल्यानं पाहिलं, एसटीची वाट बघणाऱ्या बायकांनी पाहिलं. ट्रकचा हॉर्न वाजत होता, वाजतच होता. तो एक पोरगा सोडून सगळ्या रस्त्यानं ऐकलं. तो दोन पावलं पुढं गेला आणि फुग्यासाठी वाकला.

ट्रक त्याच्यापासून हातभर अंतरावर करकचून थांबला.

नीलम खाली पोचली, तेव्हा ड्रायव्हर उतरून उभा होता. पन्नाशीचा माणूस. "बाई, कवाधरनं हॉर्न मारतोय! बहिरं हाय का काय प्वार?"

"हो," नीलम म्हणाली. "बहिरा आहे. माझा मुलगा बहिरा आहे."

दुकानाच्या पायरीवर शेटजी उभे होते, शेजारी पारस होता, सगळी पेठ जमली होती. सगळ्यांनी ऐकलं. अडीच वर्षांत तिनं तो शब्द स्वतःशीसुद्धा उच्चारला नव्हता. ड्रायव्हरनं डोक्यावरचं फडकं काढलं आणि त्यानं तोंड पुसलं. "चुकलं माझं, ताई," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाला न विचारता नीलम मुलाला घेऊन निघाली. मंचरला बस बदलली, घोडेगावला बदलली, पुढं एका जीपमध्ये भाताच्या बियाण्याच्या पोत्यांवर बसून उपकेंद्राला पोचली. जया बाळांची वजनं घेत होती. तिनं मान वर केली, नीलमला पाहिलं आणि हातातलं बाळ वजन करून, कार्डावर लिहून, त्याच्या आईकडे परत दिलं. मग उठली.

नीलमनं माफीचं काहीतरी पाठ करून आणलं होतं. तिला ते आठवेना. ती म्हणाली, "ताट टाकलं की वळत नाही गं."

"पावणेदोन वर्षं, नीलम," जया म्हणाली. "पावणेदोन वर्षं मी वाट बघितली. तू मला काय बोललीस, ते जाऊ दे. पण ह्याचे दिवस गेले ना."

ती रागानंच बोलली. पण त्याच आठवड्यात रजा टाकून ती त्यांच्याबरोबर पुण्याला गेली. निघायच्या आदल्या संध्याकाळी पारस घरभर नुसता येरझारा घालत राहिला, आणि सकाळी वडिलांना न सांगता स्टँडवर येऊन उभा राहिला. मीही गेले. गेल्याशिवाय राहवलं नाही.

अरिहंतला औषध पाजून झोपवलं, डोक्याला वायरी लावल्या. अर्ध्या तासानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, म्हणाल्या. मशीन लावू, शिकवू, थोडं यश येईल. मग चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "वर्षाचा असताना का नाही आणलंत?"

नीलमनं माझ्याकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

छातीवर डबी आणि कानात वायर, असं मशीन होतं ते. नीलमनं त्याच्या प्रत्येक बनियनला खिसा शिवला. दर आठवड्याला पुण्याची बस. घरी दिवसाचे चार-चार तास आरशासमोर बसून "प... प... पाणी." तीन वर्षांत तो सहा-सात शब्दांसारखे आवाज काढू लागला, ते फक्त नीलमला कळायचे. मनासारखं झालं नाही की तो डोकं भिंतीवर आपटायचा, तिला चावायचा. तिच्या मनगटांवर दातांचे व्रण असायचे आणि ती बांगड्या पुढं ओढून ते झाकायची. एकदा मला म्हणाली, "राखी, कधीकधी वाटतं त्या ट्रकनं दोघांना एकदमच..." मी तिचा हात धरला. ह्या वेळी तोंड फिरवलं नाही.

दोन हजार एकच्या जूनमध्ये त्याला पुण्यातल्या मूकबधिर मुलांच्या निवासी शाळेत घातलं. दुसरा मार्ग नव्हता. आदले आठ दिवस नीलम एकाच गोष्टीनं वेडी झाली होती. त्याला सांगायचं कसं? "मी शनिवारी येईन" हे त्याला कळायला आधी "शनिवार" कळायला हवा, "उद्या" कळायला हवा. त्याच्याकडे ते शब्दच नव्हते. आई जाते म्हणजे जाते, एवढंच त्याला कळणार. तिनं चित्रं काढली, बस काढली, बोटं मोजून दाखवली. तो चित्रातल्या बसकडे बघून खूश झाला. त्याला वाटलं, आपण फिरायला चाललोय.

शाळेच्या फाटकाशी त्याची बोटं सोडवावी लागली. तो रडत होता. तो रडतो तेव्हा आवाज फार मोठा येतो, कारण तो त्याचा त्याला ऐकू येत नाही. जयानं नीलमला अक्षरशः ओढत कोपऱ्यापर्यंत आणलं. तिथं ती फुटपाथवर बसली. आम्ही दोघी तिच्या बाजूला बसलो, एकीकडे जया, एकीकडे मी. कितीतरी वेळ आवाज येत होता. मग थांबला. थांबला, ते जास्त वाईट होतं.

शनिवारी आम्ही तिघी त्याला आणायला गेलो. तो भिंतीशी उभा होता. आईला पाहिलं आणि पाठ केली. नीलम पुढं जायला लागली, तशी जया म्हणाली, "थांब. येऊ दे त्याला." नीलम तिथंच फरशीवर बसली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. बाकीची पोरं आपापल्या आईबापांबरोबर गेली.

मग तो हळूहळू आला. शाळेत बाईंनी त्याला त्या आठवड्यात एक शिकवलं होतं, गळ्यावर हात ठेवून आवाज हातानं जाणायचा. त्यानं नीलमच्या गळ्यावर तळवा ठेवला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला. तिनं बोलावं म्हणून.

नीलम बोलायला लागली. काय बोलत होती ते तिलाही कळत नसावं. बसचं, पापडांचं, पप्पांचं, आजीचं, जे सुचेल ते. तो हात काढेना आणि ती थांबेना. जया खिडकीकडे तोंड करून उभी होती. शिपाईमामा दार लावायला आले आणि दारातच थांबले.

रविवारी संध्याकाळी त्याला परत सोडायचं होतं.